गुंठ्याची लांबी कोणी ठरवली? विचारसरणी, अर्थकारण आणि दख्खनचा नकाशा

प्रश्न असा आहे: एखाद्या राष्ट्राचा ऐतिहासिक भूगोल राजकीय विचारसरणीने घडतो की आर्थिक बदलांनी, आणि दोहोंचा वाटा वेगळा कसा काढायचा? सोव्हिएत रशियाचे उदाहरण त्यासाठी पुरेसे होईल का, असेही प्रश्नकर्त्याने विचारले आहे. होईल. परंतु योजून वसवलेले पोलादनगर मॅग्निटोगोर्स्क आणि सिंचनापायी आटलेला अरल समुद्र ही उदाहरणे परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत इतकी झिजली आहेत, की तिथे विचार करण्यासारखे फारसे उरत नाही. शिवाय त्या देशात सत्ता आणि अर्थकारण एकाच हातात होते, त्यामुळे दोहोंची ओढाताण कशी चालते हे दिसत नाही. माझा बराचसा काळ दख्खनमधील जुने मोजणी नकाशे आणि शिवारे यांच्यात गेला आहे. म्हणून मी उत्तर तिथूनच देतो.

आधी माझे मत सांगून टाकतो. विचारसरणी जमिनीवर जशीच्या तशी कधीच उतरत नाही. ती आधी एखाद्या मापात, दरात, परवान्यात किंवा हद्दीत उतरते. मग अर्थकारण त्या मापाभोवती हातपाय पसरते, आणि बहुतेक वेळा ज्या हेतूने ते माप ठरवले गेले त्या हेतूला बगल देऊनच पसरते. त्यामुळे दोहोंचा वाटा टक्केवारीत काढण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. कोणते माप कोणी, कशासाठी ठरवले आणि पुढे ते कोणाच्या कामी आले, एवढे शोधले तरी पुष्कळ हाती लागते.

सर्वांत जुने आणि सर्वांत खोल गेलेले उदाहरण जमीन मोजणीचे आहे. पेशवाई बुडाल्यावर पुणे प्रांताचा सारा कसा ठरवायचा हा प्रश्न कंपनी सरकारपुढे आला, तेव्हा १८२० च्या दशकात रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याकडे मोजणीचे काम सोपवले गेले. हा प्रिंगल इंग्लंडमधील हेलीबरी येथील कंपनीच्या महाविद्यालयात अर्थशास्त्रज्ञ माल्थसच्या हाताखाली शिकलेला होता. लागवडीचा खर्च वजा जाता जमिनीच्या सुपीकतेमुळे जे जास्तीचे उत्पन्न उरते तोच खरा खंड, आणि त्यावर कर बसवला तर शेतीला धक्का लागत नाही, हा अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोचा सिद्धांत त्याने जसाच्या तसा भीमा-नीरेच्या खोऱ्यात आणला. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढायचे आणि त्याचा ५५ टक्के हिस्सा सरकारने घ्यायचा, असे सूत्र ठरले. सिद्धांत नेटका होता, पण निव्वळ उत्पन्न काढणार कोण? गावोगावच्या कारकुनांनी भरलेले आकडे चुकीचे आणि अनेकदा लाच घेऊन लिहिलेले निघाले. जिराईत भागातील रयतेवर न झेपणारा सारा बसला, शेते पडीक पडली आणि कित्येक कुटुंबे निजामाच्या हद्दीत निघून गेली.

यानंतर १८३५-३६ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी नव्याने काम हाती घेतले. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा हट्ट सोडला, मातीचा रंग, खोली आणि दोष पाहून जमिनीची प्रत आण्यांत लावली, सारा उतरवला आणि तो ३० वर्षांसाठी कायम केला. त्यांनी पाडलेला सर्व्हे नंबर हा साधारणपणे एका बैलजोडीला पेलेल एवढ्या क्षेत्राचा होता. मोजणीसाठी ३३ फुटांची साखळी वापरली जाई आणि तिचे १६ आणे मानले जात. ही साखळी लांबीला एक आणि रुंदीला एक अशी धरली की १,०८९ चौरस फुटांचा एक गुंठा होतो, आणि असे ४० गुंठे झाले की बरोबर एक इंग्रजी एकर. आज गावात 'दोन गुंठे जागा घेतली' असे आपण सहज म्हणतो, तेव्हा तोंडात शब्द देशी असतो, पण त्याची लांबी एकरात चपखल बसेल अशी बेतलेली असते.

याआधी गावाच्या जमिनीची ओळख नंबराने होत नसे. मिरासदारांची, म्हणजे वंशपरंपरेने जमीन कसणाऱ्यांची, थळे (जमिनीचे तुकडे) असत, थळांना घराण्यांची नावे असत आणि कोणते थळ कोणाकडे आहे हे थळझाडा नावाच्या नोंदीत लिहिलेले असे. वतन, मिरास, उपरी (मिरास हक्क नसलेले कूळ) ही सारी नाती त्या जमिनीला चिकटलेली होती. रयतवारीने, म्हणजे सरकारने शेतकऱ्याशी थेट सारा ठरवण्याच्या या पद्धतीने, ही नाती कागदावरून पुसली आणि सरकार व खातेदार अशी एकच रेघ ठेवली. व्यक्ती, तिची मालमत्ता आणि तिच्यावरील राज्याचा हक्क या तीन गोष्टींपलीकडे काही न पाहणाऱ्या विचाराचा तो नकाशा होता. बोलण्यात मात्र जुना भूगोल टिकून राहतो. विद्यार्थ्यांना शिवारफेरीला नेले की मी त्यांना सातबारा बाजूला ठेवायला सांगतो आणि शेतकऱ्याला नुसते 'हे रान कोणते?' असे विचारायला लावतो. उत्तर कधीच नंबराने येत नाही. 'वडाची पट्टी', 'थोरला मळा', 'खालचं पांढरीतलं' अशी नावे येतात, आणि त्यांतील काही नावे त्या मोजणीपेक्षाही जुनी असतात.

आता अर्थकारण त्यात कसे शिरले ते पाहू. जमीन नंबराने ओळखता येऊ लागली, खातेदार निश्चित झाला आणि सारा ठाऊक झाला, म्हणजे ती गहाण ठेवणे सोपे झाले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी मुंबईहून जाणाऱ्या कापसाचा भाव भडकला. सावकारांनी सैल हाताने कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले, आणि नेमक्या त्याच सुमारास इंदापुरापासून सुरू झालेल्या फेरआकारणीत सारा वाढला. मे १८७५ मध्ये सुपे येथे लोकांनी सावकारांची खतपत्रे जाळली आणि हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. त्या दंग्यांच्या मुळाशी रिकार्डोचा खंड, अमेरिकेतील युद्ध आणि ३३ फुटांची साखळी या तिन्ही गोष्टी आहेत. यातील एकच उचलून 'कारण' म्हणून लिहिणाऱ्याला मी पूर्ण गुण देत नाही.

रेल्वेची कथा तुलनेने परिचित आहे, म्हणून तिच्यातील फक्त दोन गोष्टी नोंदवतो. पहिली गोष्ट हमीची. बोरीबंदर ते ठाणे हा मार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला, भोर घाट १८६३ मध्ये पार झाला आणि १८६७ मध्ये गाडी नागपूरला पोचली. हे सारे खासगी कंपनीने केले, परंतु तिच्या भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी हिंदुस्थानच्या तिजोरीने दिली होती. खासगी उद्योगाचा गजर आणि जोखीम मात्र सार्वजनिक, असा हा मामला होता. वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला तोही १८५३ मध्येच, आणि डलहौसीच्या रेल्वेविषयक टिपणात कापसाला मानाचे स्थान होते. पुढे खामगाव आणि अमरावती या कापूसपेठांपर्यंत मुख्य मार्गापासून छोटे फाटे काढले गेले. वऱ्हाडच्या पेठा एकमेकींना जोडण्यापेक्षा प्रत्येक पेठ बंदराला जोडणे हा त्या आराखड्याचा हेतू होता, आणि तो नकाशावर आजही वाचता येतो.

दुसरी गोष्ट रुळांमधील अंतराची. काटकसरीचे धोरण म्हणून १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या काळात मीटरगेज, म्हणजे रुळांत एक मीटरच अंतर असलेला मार्ग, स्वीकारले गेले. निजामाच्या राज्यात मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड असा जो मार्ग १९०० च्या सुमारास झाला तो मीटरगेजचा होता. मुंबईचा मार्ग त्याहून रुंद रुळांचा होता, परिणामी मराठवाड्यातून मुंबईकडे जाणारा प्रत्येक डबा मनमाडला रिकामा करून दुसऱ्या गाडीत भरावा लागे. राजवट गेली, संस्थान विलीन झाले, मराठवाडा महाराष्ट्रात आला, तरी ही अडचण १९९० च्या दशकापर्यंत कायम होती. मराठवाड्याचे मागासलेपण समजावताना लोक निजामाच्या कारभाराकडे आणि पावसाकडे बोट दाखवतात, ते चूक नाही. मनमाडच्या फलाटावर हमालांच्या पाठीवरून गेलेली ती ९० वर्षे मात्र कोणी मोजत नाही.

माझ्या मते या सगळ्यात सर्वांत शिकवून जाणारा प्रदेश म्हणजे नीरा, प्रवरा आणि गोदावरी यांच्या कालव्यांचा पट्टा. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने संरक्षक पाटबंधाऱ्यांची कल्पना मांडली. फायद्यासाठी नव्हे, तर दुष्काळात ज्वारी-बाजरी वाचावी म्हणून पाणी द्यायचे, असा त्यामागचा विचार होता. भाटघरचे धरण आणि नीरेचा डावा कालवा याच काळातील. प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. परंतु बऱ्या पावसाच्या वर्षी ज्वारीला कालव्याचे पाणी विकत कोण घेणार? पाणी पडून राहू लागले, पाटबंधारे खाते तोट्यात जाऊ लागले, आणि मग ज्याला बारमाही पाणी लागते त्या उसाला ते देणे सरकारलाच सोयीचे वाटू लागले. सगळेच पाणी उसाने ओढू नये म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आणली: पाण्याखालच्या क्षेत्राचे ठरावीक गट पाडायचे, उसाला त्यातील साधारण एक-तृतीयांशच जागा द्यायची आणि उरलेल्या भागात इतर पिके फिरवायची. 'ब्लॉकचं पाणी' हा शब्द बारामती-फलटणकडच्या जुन्या बागाईतदारांच्या बोलण्यात अजून सापडतो. ऊस मात्र त्या एक-तृतीयांशात मावला नाही.

त्यानंतर १९३२ मध्ये केंद्र सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसवली आणि देशभर कारखान्यांची संख्या चार-पाच वर्षांत कित्येक पटींनी वाढली. वालचंदनगर, माळीनगर ही नावे त्या काळातील आहेत. सासवडच्या माळी समाजातील कुटुंबे कालव्यामागोमाग पूर्वेकडे सरकत गेली आणि माळशिरस तालुक्यात त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. तेव्हापासून कारखान्याच्या गावापुढे 'नगर' लावण्याची रीत पडली. स्थलनामांचा अभ्यास करणाऱ्याने कालव्यांच्या नकाशावर ही 'नगरे' मांडून पाहावीत. किल्ले आणि घाट यांभोवती जमलेल्या जुन्या वस्तीपेक्षा ती किती वेगळ्या रेषेत पडतात हे लगेच ध्यानात येईल.

स्वातंत्र्यानंतर याच जमिनीवर सहकाराचा विचार आला. विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांना सोबत घेऊन लोणी येथे उभा केलेला कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला, आणि पुढे नवे परवाने देताना केंद्राने सहकारी कारखान्यांना झुकते माप दिले. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने खासगी कारखान्यांचे हजारो एकरांचे मळे काढून घेतले व ते शेती महामंडळाकडे दिले. या जमिनी मुळात ज्यांच्याकडून खंडाने घेतल्या होत्या त्या खंडकऱ्यांचा लढा पुढे अर्धशतक चालला. दोन कारखान्यांमध्ये किमान किती अंतर हवे यासाठी हवाई अंतराची अट आली. महाराष्ट्रात ती २५ किलोमीटर आहे. प्रत्येक कारखान्याला कार्यक्षेत्र मिळाले. त्या कार्यक्षेत्रात शाळा, महाविद्यालय, दूध संघ आणि बँक उभी राहिली, आणि हळूहळू कार्यक्षेत्राची हद्द हीच मतदारसंघाची खरी हद्द होऊन बसली. दुष्काळापासून बाजरी वाचवण्यासाठी बांधलेल्या पाटाचे हे फळ, त्याच्या मूळ आराखड्यात कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

याच नकाशाची एक दुसरी बाजूही आहे, जी कारखान्याच्या गव्हाणीपाशी उभे राहिल्याशिवाय दिसत नाही. ऊस तोडायला माणसे लागतात आणि ती बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून, बीड जिल्ह्यातून, पाथर्डी-शेवगावकडून येतात. दसरा-दिवाळी झाली की मुकादम उचल देऊन टोळ्या हलवतो. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात, आणि एकटा माणूस आला तर तो 'अर्धा कोयता' धरला जातो. पाच-सहा महिने ही माणसे कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, राहतात आणि उन्हाळ्यात परत जातात. जनगणना ज्या गावात त्यांची नोंद करते, तिथे ती वर्षातला जवळपास अर्धा काळ नसतात. पाणी वरच्या खोऱ्यात अडले म्हणून कालव्याखाली बागाईत झाले आणि कालवा न पोचलेला भाग त्या बागाईताला मजूर पुरवू लागला. ही दोन वेगळी क्षेत्रे म्हणून शिकवली जातात. माझ्या दृष्टीने ते एकच क्षेत्र आहे.

विचारसरणीचा हेतू एक आणि फळ दुसरे, याचे देशपातळीवरचे ठळक उदाहरण म्हणजे वाहतूक खर्चाच्या समानीकरणाचे धोरण. देशाचा विकास समतोल व्हावा, पोलाद केवळ खाणीजवळच्या प्रदेशाची मिरास राहू नये, म्हणून १९५० च्या दशकात पोलाद आणि सिमेंट यांच्या किमतीत सरासरी वाहतूक खर्च मिळवून देशभर एकच दर ठरवला गेला. जमशेदपूरच्या दारात जे पोलाद ज्या भावाने मिळे, त्याच भावाने ते मुंबईत मिळू लागले. कापसासारख्या पश्चिमेकडच्या कच्च्या मालाला मात्र ही सवलत लागू नव्हती. म्हणजे बिहार, बंगाल व ओडिशा यांचा नैसर्गिक फायदा काढून घेतला गेला आणि बंदराजवळच्या पश्चिम भागाचा फायदा तसाच राहिला. पुढे ट्रक बनवू लागलेली टेल्को (आजची टाटा मोटर्स) १९४५ मध्ये सुरू झाली ती पोलादाच्या शेजारी, जमशेदपूरला. नंतर तिचा मोठा विस्तार झाला तो पुण्याजवळ पिंपरीला. याचे सगळे श्रेय त्या धोरणाला देणे चुकीचे होईल, कारण बंदर, पाणी, कुशल कारागीर आणि १९६२ मध्ये स्थापन झालेले औद्योगिक विकास महामंडळ हीही कारणे होतीच. तरीही हावड्यातील अभियांत्रिकी कारखान्यांची उतरती कळा आणि पिंपरी-चिंचवडची भरभराट एकाच नकाशावर मांडताना हा दर विसरून चालत नाही. समानतेच्या नावाने आणलेल्या धोरणाने जी विषमता वाढवली, ती १९९२ मध्ये पोलादापुरते धोरण मागे घेतल्यावरही भरून निघाली नाही, कारण तोवर कारखाने, पुरवठादार आणि कामगारांच्या वसाहती पश्चिमेत रुजल्या होत्या. त्याच काळातील सरकारी पोलाद कारखाने मात्र खनिजाच्या बाजूने गेले: भिलाई सोव्हिएत मदतीने, राउरकेला पश्चिम जर्मनीच्या आणि दुर्गापूर ब्रिटनच्या. शीतयुद्धातील दोन्ही बाजूंची भट्टी एकाच देशात पेटलेली पाहायची असेल तर हावडा मार्गाने प्रवास करावा.

भाषावार राज्यांविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. काँग्रेसने १९२० च्या नागपूर अधिवेशनात प्रांतिक समित्या भाषेनुसार केल्या, हे सर्वांना ठाऊक असते. त्या वेळी मराठी मुलखासाठी मात्र एक समिती झाली नाही. महाराष्ट्र, मुंबई शहर, नागपूर आणि वऱ्हाड अशा चार वेगवेगळ्या समित्या राहिल्या. १९५० च्या दशकात मुंबई वेगळी ठेवण्याचा आग्रह, विदर्भाच्या स्वतंत्र राज्याची मागणी आणि तिला उत्तर म्हणून विदर्भाला महाराष्ट्रात सामावून घेण्यासाठी सप्टेंबर १९५३ मध्ये झालेला नागपूर करार, ही सारी भांडणे त्याच जुन्या शिवणींवर उसवली. भाषेने १ मे १९६० रोजी जे एकत्र आणले ते कापसाच्या गाडीने जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच मुंबईला जोडले होते. नागपूरचे मध्य प्रदेशचे राजधानीपण मात्र १९५६ मध्येच गेले, आणि त्याची भरपाई म्हणून दर हिवाळ्यात काही आठवडे विधिमंडळ तिकडे जाते.

१९९१ च्या उदारीकरणानंतर परवाना पद्धत गेली आणि उद्योगाने जागा निवडताना बंदर, रस्ता व जमिनीचा भाव पाहायला सुरुवात केली. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालेले होते, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, आणि चाकण, रांजणगाव, तळेगाव ही नावे मोटारींच्या कारखान्यांमुळे लोकांच्या तोंडी आली. १९८२ च्या संपानंतर खिळखिळ्या झालेल्या गिरणगावात १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी केली. हा काळ अजून चालू आहे, त्यामुळे त्याविषयी ठामपणे बोलण्याचे मी टाळतो. एवढे मात्र दिसते की खुल्या बाजाराच्या या पर्वालाही जुन्याच मापांवर उभे राहावे लागते.

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गासाठी ७०१ किलोमीटरचा पट्टा संपादित झाला. अशा कोणत्याही संपादनाची मोजणी पाहायला जावे. भूकरमापक उपग्रहाशी जोडलेला रोव्हर बांधावर रोवतो आणि पडद्यावर सेंटिमीटरपर्यंतचे आकडे उमटतात. मग वाद निघतो, कारण शेजाऱ्याच्या मते बांध दोन हात अलीकडे आहे. तेव्हा भूमी अभिलेख कार्यालयातून मूळ टिपण मागवले जाते. पिवळ्या पडलेल्या त्या कागदावर शेताच्या बाजूंची लांबी साखळ्या आणि आणे यांत लिहिलेली असते, एका कोपऱ्यात हद्दीच्या दगडाची खूण असते, आणि सगळे जण, रोव्हरवालाही, तो दगड शोधायला गवतात वाकतात.